ॲन, हायडी की मेरी: पोरक्या नायिकांच्या तीन कादंबऱ्यांपैकी पुन्हा कोणती वाचावी?

लहानपणी जीव लावलेली कादंबरी पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा उघडावी की तिची आठवण आहे तशीच जपावी, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत होता. त्यामागे एक साधी भीती होती. पुस्तकातले एक अक्षरही बदललेले नसते, पण आपण बदललेलो असतो, आणि एकदा मन उतरले की ते पुस्तक कायमचे हातचे जाते. तरीही गेल्या दोन उन्हाळ्यांत मी अशा तीन कादंबऱ्या पुन्हा वाचल्या: योहाना स्पिरी यांची 'हायडी', फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची 'द सीक्रेट गार्डन' आणि लूसी मॉड मॉन्टगोमेरी यांची 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स'. प्रत्येक कादंबरी आधी एकटीने वाचली आणि नंतर सुट्टीत आमच्याकडे येणाऱ्या नऊ वर्षांच्या भाचीला मोठ्याने वाचून दाखवली. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकला की सकाळी दहानंतर पोरांना घराबाहेर सोडण्याची सोय उरत नाही. खसचे पडदे, कूलरचा घरघराट आणि सहा वाजेपर्यंतची लांबलचक दुपार असा वेळ आमच्याकडे आयताच असतो. ज्यांच्याकडे तीनही पुस्तकांइतका वेळ नाही आणि ज्यांना एकच निवडायचे आहे, त्यांच्यासाठी ही तुलना लिहीत आहे.

तिन्ही कथांची सुरुवात एकाच दारात होते. आई-वडील नसलेली मुलगी एका वयस्क, एकलकोंड्या माणसाच्या घरी येऊन उभी राहते, आणि त्या घराला ती नको असते. हायडीचे आजोबा गावाशी वैर धरून आल्प्सच्या डोंगरावर राहतात. मेरीचे काका यॉर्कशरच्या माळरानावर शंभर खोल्यांच्या वाड्यात दुःख कुरवाळत बसलेले आहेत. ॲनला घेऊन जाणारी मॅथ्यू आणि मरिला ही भावंडे अविवाहित आहेत आणि त्यांना शेतीच्या कामाला हाताशी मुलगा हवा होता. लहानपणी वाचताना आपण त्या मुलीचा हात धरून दाराबाहेर उभे असतो. आज वाचताना मात्र आपण आतल्या बाजूला, कडीवर हात ठेवून उभे असतो, आणि पुनर्वाचनासाठी पुस्तक निवडताना हाच फरक सर्वांत आधी विचारात घ्यावा असे माझे मत झाले आहे. आपण आता ज्या बाजूला उभे आहोत त्या बाजूच्या माणसाचे मन लेखिकेने किती उघडून दाखवले आहे, या एका प्रश्नावर या तीन कादंबऱ्या एकमेकींपासून फार वेगळ्या होतात.

मराठीत 'अनाथ' हा अर्जावर लिहायचा शब्द आहे आणि 'पोरकं' हा घरात उच्चारायचा. दोन्हींचा अर्थ एक नाही, हे मला या वाचनात नव्याने जाणवले. हायडी अनाथ आहे, पण डोंगरावर पोहोचल्यावर ती फार काळ पोरकी राहत नाही. मेरी आई-वडील जिवंत असतानाच पोरकी होती, कारण तिच्या आईला मुलगी नकोच होती. ॲन अनाथ आहे, पोरकीही आहे, आणि आपण पोरके आहोत हे तिला स्वतःला कळते, ते तिला शब्दांत सांगताही येते.

'हायडी' मूळ जर्मन भाषेत १८८० आणि १८८१ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली. मिळून तेवीस प्रकरणे आहेत, म्हणजे रोज एक वाचले तर महिन्याच्या आत पुस्तक संपते. भाषा साधी आहे, घटना सरळ रेषेत घडतात आणि सहा-सात वर्षांच्या मुलालाही धागा सापडतो. ऐन उन्हात ही कादंबरी वाचण्याचे सुख काही निराळेच असते. वाळलेल्या गवताची गादी, माळ्यावरच्या गोल खिडकीतून दिसणारी दरी, वाऱ्याने घुमणारी देवदाराची झाडे, वाडग्यातले शेळीचे दूध आणि विस्तवावर धरून सोनेरी होईपर्यंत भाजलेले चीज हे सारे स्पिरी इतक्या नेमकेपणाने सांगतात की आमच्या भाचीने पुढचे चार दिवस पोळीऐवजी तव्यावर परतलेले चीज आणि पावच मागितले. स्पिरी यांचे बालपण हिर्त्सेल या डोंगराळ खेड्यात गेले आणि लग्नानंतर त्या झ्युरिक शहरात राहायला आल्या. फ्रँकफर्टच्या बंद खिडक्यांआड हायडी डोंगर शोधत राहते, झोपेत उठून घराचा दरवाजा उघडते आणि घरातल्यांना भुताचा संशय येतो, त्या भागातला घरओढीचा आजार म्हणूनच ऐकीव वाटत नाही.

या पुस्तकाने मला एका जागी चांगलेच अडवले. 'माय मरो, मावशी जगो' असे आपण सहज म्हणतो, पण इथे मावशीच पाच वर्षांच्या भाचीला जून महिन्याच्या उन्हात दोन झगे एकावर एक चढवून, वरून लाल शाल गुंडाळून डोंगरावर नेते, आजोबांच्या हवाली करते आणि उतरून निघून जाते. तीन वर्षांनी तीच मावशी पुन्हा येते आणि वाटेल तेव्हा परत येता येईल असे सांगून मुलीला फ्रँकफर्टला घेऊन जाते. भाचीने मला थांबवून विचारले, "मावशी, ही मावशी अशी कशी गं?" लहानपणी माझ्याकडे या प्रश्नाचे उत्तर तयार होते: ती वाईट आहे. आता मला दिसते की ही मावशी, डेटे, पंचविशीच्या आसपासची अविवाहित बाई आहे, दुसऱ्यांकडे नोकरी करून पोट भरते, तिची आई आणि बहीण दोघी गेलेल्या आहेत, आणि ज्या नोकरीमुळे तिला स्थैर्य मिळणार आहे तिथे मुलीला सोबत नेता येत नाही. पण हे मी माझ्या पदरचे घालून वाचते आहे. स्पिरी डेटेच्या मनात शिरत नाहीत, आणि आजोबांच्या मनातही फारशा शिरत नाहीत. आजोबांचे परिवर्तन घडते ते हायडीने वाचून दाखवलेल्या बायबलमधल्या कथेने आणि एका रात्रीत. दुसऱ्या भागात प्रार्थना आणि उपदेश वाढत जातात. श्रद्धाळू घरात वाढलेल्या वाचकाला ते भावेल, मला मात्र तिथे पाने उलटावीशी वाटली. लहान मुलांना वाचून दाखवण्यासाठी तिघींत 'हायडी' पहिली, पण एकट्याने पुन्हा वाचायची असेल तर तिसरी, असा माझा कौल आहे.

'द सीक्रेट गार्डन' १९११ साली पुस्तकरूपाने आले. आपल्यासाठी या कादंबरीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तिची सुरुवात हिंदुस्थानात होते. साधारण नऊ वर्षांची मेरी लेनॉक्स एका इंग्रज अधिकाऱ्याच्या बंगल्यात आयाच्या हाती वाढते. पटकीची साथ येते, आई-वडील दगावतात, उरलेले नोकर जीव घेऊन पळतात आणि त्या धांदलीत मुलगी घरात आहे हेच सगळे विसरतात. बालसाहित्यातल्या इतक्या जबरदस्त सुरुवाती मी फार थोड्या वाचल्या आहेत. रिकामा बंगला, टेबलावर अर्धवट राहिलेले जेवण, जमिनीवरून सळसळत गेलेला एक छोटासा साप आणि खोलीच्या मधोमध उभी असलेली, आपल्याला कोणी कसे विसरले म्हणून रागावलेली मुलगी हे सारे अवघ्या काही पानांत येते.

बाराव्या वर्षी मला याच पानांतली एक गोष्ट दिसली नव्हती. मेरी आयाला मारते आणि डुकरीण म्हणून शिवी देते. पुढे यॉर्कशरमध्ये मार्था नावाची मोलकरीण तिला पाहण्याआधी हिंदुस्थानातली म्हणजे काळी मुलगी असेल असे समजत होती, हे कळल्यावर मेरी भडकते आणि तिकडचे लोक माणसे नव्हेत, सलाम करणारे नोकर आहेत, असे सांगते. माझ्या आजीची आई नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका साहेबाच्या बंगल्यावर मुले सांभाळायला जात असे. त्या मुलांची नावे आजीला पाठ होती, पण त्या मुलांना तिच्या आईचे नाव माहीत होते की नाही, ते तिला सांगता येत नव्हते. हे ठाऊक असताना ते वाक्य मोठ्याने वाचणे मला जड गेले. लेखिका मेरीच्या या उर्मटपणाला गुण म्हणून दाखवत नाही, हे खरे आहे. मात्र मेरीचा किरकिरेपणा आणि तिचा पिवळट चेहरा यांचे खापर पुस्तक पुन्हा पुन्हा हिंदुस्थानच्या उष्ण हवेवर फोडते आणि बरे होण्यासाठी यॉर्कशरचा वारा लागतो असे सुचवत राहते. मे महिन्यात नागपुरात बसून ते वाचताना मुलांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

पण पुनर्वाचनाचे दान असे की याच पुस्तकाच्या मध्यावर मला एक जागा सापडली, आणि ती माझ्या लेखी सगळ्या कादंबरीचे मोल वाढवणारी आहे. वाड्यात लपवून ठेवलेला काकांचा आजारी मुलगा कॉलिन मेरीला रात्री भेटतो आणि त्याला झोप येत नसते. तेव्हा मेरी म्हणते की माझी आया करायची तसे मी करते, आणि ती त्याचा हात थोपटत, अगदी हळू आवाजात हिंदुस्थानी गाणे गुणगुणू लागते. कॉलिन झोपतो. ज्या आयाच्या मृत्यूवर मेरी रडली नव्हती, जिचे मरण पुस्तकाने एका वाक्यात उरकले होते, तिची अंगाई सातासमुद्रापार एका पोराला निजवते. मेरीला माया म्हणून जे काही ठाऊक आहे ते त्या बाईकडून आलेले आहे, आणि पुस्तकाला स्वतःलाही हे पुरते उमगलेले दिसत नाही. भाचीला मी ते पान दोनदा वाचून दाखवले आणि मग माझ्या पणजीची गोष्ट सांगितली.

दुसरे सुख बोलीचे. मार्था, तिचा भाऊ डिकन आणि म्हातारा माळी बेन वेदरस्टाफ ही मंडळी जाड यॉर्कशर बोलीत बोलतात. इंग्रजीवर चांगला हात असलेल्या मुलांनाही ती पहिल्यांदा अडते, आणि संक्षिप्त आवृत्त्यांत तिचे सरळसोट इंग्रजी करून टाकलेले आढळते. मी वाचताना त्यांच्या तोंडी आपली वऱ्हाडी घातली. वाड्याच्या कुलूपबंद बागेतल्या वाळून गेलेल्या गुलाबाच्या फांदीला डिकन चाकूने छेद देतो, आतला ओला हिरवा रंग मेरीला दाखवतो आणि बोलीतला एक छोटासा शब्द वापरून ती फांदी जिवंत असल्याचे सांगतो. मी म्हटले, "हे जितं हाये नं, पाय!" भाची त्यानंतर आठवडाभर गच्चीवरच्या कुंड्यांमधल्या एकेका काडीला नखाने खरवडून 'जितं हाये का' ते तपासत होती, आणि उन्हाने गेलेल्या मोगऱ्याला खाली बुंध्याशी हिरवे सापडले तेव्हा तिने केलेला आरडाओरडा शेजाऱ्यांपर्यंत पोहोचला.

मोठ्या माणसाच्या नजरेने मात्र ही कादंबरी अर्ध्यावर हात सोडते. सत्तावीस प्रकरणांपैकी उत्तरार्धात सगळे लक्ष कॉलिनकडे वळते, आणि शेवट येतो तो बापलेकाच्या भेटीचा. जिने बागेची किल्ली शोधली, जिने लाकडाच्या टोकदार तुकड्याने माती उकरून पहिल्या कोंबांना श्वास घ्यायला जागा करून दिली, ती मेरी शेवटच्या प्रकरणात जवळपास गर्दीत मिसळून जाते. बर्नेट यांचा थोरला मुलगा लायनेल १८९० साली क्षयाने गेला होता. आजारी मुलगा उठून धावत बापाच्या मिठीत शिरतो हा शेवट एका आईने का लिहिला असेल, ते समजू शकते, आणि समजल्यावर त्याच्याविषयी कठोर बोलवत नाही. तरीही मेरी मागे पडते, हे खरेच आहे.

इथे एक गोष्ट दोन्ही पुस्तकांबद्दल एकत्र सांगायला हवी. 'हायडी'मधली क्लारा, म्हणजे फ्रँकफर्टच्या ज्या घरी हायडी राहते तिथली मुलगी, चाकांच्या खुर्चीत आहे आणि डोंगरावरच्या हवेने, दुधाने आणि खुर्चीच मोडून गेल्याने ती चालू लागते. कॉलिनही बागेत उभा राहतो. इच्छा असली की पाय चालतात, हा दोन्ही कथांचा सूर आहे. घरात किंवा मुलाच्या वर्गात खरोखरच चालता न येणारे मूल असेल तर तो सूर जिव्हारी लागू शकतो. अशा घरात मी ही दोन्ही पुस्तके मुलाच्या हाती एकटी देणार नाही.

'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स' या कसोटीवर वेगळी ठरते. तिथे कोणी चमत्काराने बरे होत नाही. मॅथ्यूचे हृदय दुबळे आहे आणि सगळी पुंजी ठेवलेली बँक बुडाल्याची बातमी वाचून तो दारातच कोसळतो. मरिलाची दृष्टी अधू होत जाते आणि शेवटपर्यंत तो धोका टळत नाही. ॲन येते म्हणून त्या घरातली दुःखे संपत नाहीत, ती सोसायला घरात आणखी एक माणूस येते.

ही कादंबरी १९०८ साली बोस्टनच्या एका प्रकाशकाने काढली. त्याआधी अनेकांनी नाकारलेले हस्तलिखित मॉन्टगोमेरी यांनी टोपीच्या खोक्यात टाकून दिले होते आणि पुढे ते बाहेर काढून पुन्हा पाठवले. लेखिका दोन वर्षांचीही नव्हती तेव्हा तिची आई क्षयाने वारली, वडील दूर पश्चिमेकडे गेले आणि कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या कॅव्हेंडिश गावी आजी-आजोबांनी तिला वाढवले. कागदावर ती अनाथ नव्हती, पण पोरकेपण तिच्या परिचयाचे होते. करड्या शिस्तीच्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात लहान मुलीने एकटीने वाढणे म्हणजे काय असते, ते तिने अंगावर घेतलेले होते. पुढे विधवा आजीला एकटे सोडायचे नाही म्हणून ती वर्षानुवर्षे त्या गावात राहिली आणि १९११ साली आजी गेल्यावरच तिने लग्न केले. शिष्यवृत्ती सोडून मरिलाजवळ राहण्याचा ॲनचा निर्णय मला लहानपणी हुरहूर लावणारा पण गोड वाटला होता. आज तो वाचताना घशात काहीतरी अडकते, कारण घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी आपले शिक्षण किंवा बदली नाकारणाऱ्या किमान तीन मुली मी माझ्याच नात्यात पाहिल्या आहेत.

मुलगा मागवला होता आणि मुलगी आली, ही सुरुवात महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे मुलींचे नावच 'नकुशी' ठेवलेले आपण पाहिले आहे. स्टेशनवर अकरा वर्षांची, लालभडक वेण्यांची, आखूड झग्यातली ॲन आपल्याला न्यायला आलेल्या मॅथ्यूला पाहते आणि बोलू लागते. तिचे बोलणे थांबते ते सफरचंदाच्या बहरलेल्या झाडांची कमान लागते तेव्हाच, आणि गाडी बाहेर पडल्यावरही बराच वेळ तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. भाचीने सफरचंदाचा बहर कधी पाहिलेला नाही. मात्र फेब्रुवारीत काटोलच्या बाजूला संत्र्याच्या बागांमध्ये अंबिया बहर असतो, झाडे पांढऱ्या फुलांनी लदलेली असतात आणि गाडीची काच खाली केली की वास थेट आत येतो, ते तिने पाहिले आहे. मी तिला त्याची आठवण दिली आणि ती म्हणाली, "हो, तेव्हा मीपण गप्प होते."

लहानपणी मी या पुस्तकातल्या गमतींवर जगत होते. पाटी वर्गातल्या गिल्बर्टच्या डोक्यात घालून फोडणे, हिरवे झालेले केस, सरबत समजून मैत्रिणीला पाजलेली मनुकांसारख्या फळांची दारू, व्हॅनिलाऐवजी केकमध्ये पडलेले दुखण्यावर चोळायचे औषध या साऱ्यांवर मी अजूनही हसते. पण पुनर्वाचनात मला अडवून धरणारी पाने होती पाचव्या प्रकरणातली. ॲनला परत करायचे ठरले आहे आणि मरिला तिला घोडागाडीत घेऊन समुद्रकाठच्या रस्त्याने निघाली आहे. वाटेत ती मुलीला तिची हकिगत विचारते. जन्मानंतर तीन महिन्यांत आई तापाने गेली, चार दिवसांनी बाप गेला, मग एका बाईने ठेवून घेतले, तिचा नवरा दारू प्यायचा, मग दुसऱ्या बाईकडे जुळ्यांच्या तीन जोड्या सांभाळल्या, मग अनाथालय. मरिला विचारते, त्या बायका तुझ्याशी चांगल्या वागत होत्या का? आतापर्यंत न थांबता बोलणारी ॲन अडखळते. तिचा चेहरा लाल होतो. चांगले वागायचे त्यांच्या मनात होते, एवढे ती सांगते, आणि मनात असले म्हणजे मग नेहमीच जमले नाही तरी तितकेसे लागत नाही, असे म्हणून ती त्या बायकांचीच बाजू सावरू लागते. मरिला पुढे काही विचारत नाही. ती न सांगितलेले ऐकते.

बाराव्या वर्षी मी हे पान ओलांडून पुढच्या गमतीकडे पळाले होते. यंदा मला तिथून हलता आले नाही, कारण त्या क्षणी कादंबरी ॲनची राहत नाही, ती मरिलाची होते. पुढच्या प्रकरणात एक कष्ट करून घेणारी बाई मुलीला नखशिखान्त न्याहाळते आणि कामाला बरी दिसते म्हणून न्यायला तयार होते, तेव्हा मरिला ॲनच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहते आणि तिच्याच्याने सोडवत नाही. मायेची घोषणा कुठेही होत नाही. मरिला आपल्या मनाला बजावत असते की ही केवळ कर्तव्याची बाब आहे, आणि वाचक तिच्या खांद्यावरून पाहत असतो की तसे नाही. ती माया तोंडावर यायला सदतिसावे प्रकरण उजाडावे लागते. मॅथ्यू गेल्याच्या रात्री ती रडणाऱ्या ॲनजवळ जाऊन सांगते की मनातले बोलणे मला कधी जमले नाही, पण तू मला पोटच्या मुलीसारखी आहेस. आपल्या घरांतल्या कितीतरी आज्या आणि आत्या अशाच होत्या. त्यांचे प्रेम ताटात वाढलेल्या भाकरीवरच्या लोण्याच्या गोळ्यात दिसायचे आणि तोंडाने फक्त बोलणी मिळायची.

मॅथ्यूचाही एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. इतर मुलींपेक्षा ॲन काहीतरी वेगळी दिसते हे या लाजाळू, साठीच्या शेतकऱ्याच्या ध्यानात येते. बराच वेळ पाइप ओढत विचार केल्यावर त्याला उमगते की तिच्या झग्यांना इतर मुलींसारख्या फुगीर बाह्या नाहीत. कापड आणायला तो दुकानात जातो, तर गल्ल्यावर अनोळखी बाई. तिच्यापुढे त्याची वाचाच बसते आणि तो भर हिवाळ्यात बागेचा दाताळा आणि वीस पौंड तांबूस साखर घेऊन घरी येतो. शेवटी शेजारच्या बाईला विश्वासात घेऊन तो झगा शिवून घेतो. मुले या प्रसंगाला खळखळून हसतात. मुलीच्या कपड्यांच्या दुकानात एकटाच जाऊन गोंधळून उभा राहिलेला बाप ज्यांनी पाहिला आहे, त्यांचे हसू मध्येच थबकते.

दोष इथेही आहेत. फ्रेंच मजूर मुले, इंग्लंडहून कॅनडात पाठवली जाणारी बेवारस मुले आणि दारोदार फिरणारा ज्यू फेरीवाला यांच्याविषयी पात्रे तुच्छतेने बोलतात, आणि 'सीक्रेट गार्डन'मध्ये आयाच्या गाण्यातून होते तशी भरपाई इथे होत नाही. ब्रिटनमधून त्या काळात एक लाखाहून अधिक मुले कॅनडात पाठवली गेली आणि त्यांतल्या कित्येकांना शेतावर फुकटच्या मजुरांसारखे राबावे लागले. तो इतिहास मरिलाच्या एका फटकळ वाक्यामागे दडलेला आहे, आणि मोठ्या मुलांना तो जरूर सांगावा. मधल्या भागात निसर्गवर्णनाची पानेही साचत जातात.

एक सावधगिरी मला अधिक महत्त्वाची वाटते. घरात दत्तक मूल असेल तर 'ॲन'ची पहिली सहा प्रकरणे आधी स्वतः वाचावीत आणि मगच ठरवावे. चुकीची वस्तू आली म्हणून दुकानात परत करावी तशी मुलगी परत करण्याची चर्चा तिच्यादेखत चालते, आणि पुढे सारे गोड होणार आहे हे त्या मुलाला ठाऊक नसते. नुकतेच घरातले जवळचे माणूस गेले असेल, तर मॅथ्यूच्या मृत्यूपाशी थांबायला वेळ हाताशी ठेवावा. आम्ही ते प्रकरण संध्याकाळी वाचायला घेतले ही माझी चूक होती. भाची रात्री उशिरापर्यंत जागी राहिली.

वेळेचा हिशेब करायचा तर 'ॲन'ची अडतीस प्रकरणे आहेत आणि ती 'हायडी'पेक्षा बरीच मोठी पडतात. इंग्रजी जुन्या वळणाचे, कवितांच्या ओळींनी भरलेले आहे, त्यामुळे दहा-अकरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांनी थांबत थांबत, मराठीत सांगत वाचून दाखवणेच बरे. अनुवादाचा एक पेच मला आवडतो. ॲन आपल्या नावाच्या शेवटी 'ई' हे अक्षर असलेच पाहिजे म्हणून हट्ट धरते, आणि देवनागरीत ते अक्षर दिसतच नाही. मी भाचीला सांगितले की एखादी नीलिमा आपले नाव ऱ्हस्व 'नि'ने लिहू देत नाही, तसेच हे समज. तिला ते लगेच पटले, कारण तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा हाच तंटा आहे. अशा अडचणींनी हे पुस्तक मरत नाही. हानाको मुराओका यांनी महायुद्धाच्या दिवसांत केलेला त्याचा जपानी अनुवाद १९५२ साली प्रसिद्ध झाला आणि जपानी वाचकांनी ॲनला आपल्या घरातलीच मानले.

म्हणून सहा ते आठ वर्षांचे मूल सोबत असेल तर 'हायडी' घ्यावी. नऊ-दहा वर्षांचे, प्रश्न विचारणारे मूल असेल आणि त्याच्याशी इंग्रजी राजवटीबद्दल मोकळेपणाने बोलायची तुमची तयारी असेल तर 'द सीक्रेट गार्डन' घ्यावे. तुम्ही स्वतःसाठीच वाचणार असाल, किंवा मुलगी बारा वर्षांच्या पुढची असेल, तर 'ॲन' घ्यावी, आणि शक्य असेल तर आधी एकटीने वाचावी. तिन्ही पुस्तकांचा मूळ किंवा जुना इंग्रजी मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो, त्यामुळे पैशांची अडचण नाही.

छापील प्रत घ्यायची असल्यास मात्र ती संक्षिप्त नाही ना, हे पाहून घ्यावे, कारण मुखपृष्ठावर तसे नेहमीच ठळक लिहिलेले नसते. मी शाळेत असताना ग्रंथालयातून आणून वाचलेली 'ॲन' कापलेली होती, हे मला तीस-पस्तीस वर्षांनी कळले. तिच्यात पाटी होती, हिरवे केस होते, केक होता, पण मरिला जवळपास नव्हतीच. दुकानात प्रत हातात घेतल्यावर पाचवे प्रकरण उघडावे आणि समुद्रकाठच्या रस्त्यावरचा तो संवाद शोधावा. त्या बायका चांगल्या वागत होत्या का, हा प्रश्न आणि त्यावर ॲनचे अडखळणे तिथे असेल तर ती प्रत घ्यावी, नसेल तर परत फडताळात ठेवावी.